डोंगराचा उतार आणि घराचे जोते

सह्याद्रीच्या उतारांवर आज दोन तऱ्हांची घरे उभी राहत आहेत. एक घर शनिवार-रविवारचे असते. मावळ-मुळशीच्या धरणांचे पाणी दिवाणखान्यातून दिसावे म्हणून ते डोंगराच्या माथ्याशी किंवा कड्याच्या टोकाशी उभारले जाते आणि वर्षातले बहुतेक दिवस ते कुलूपबंद राहते. दुसरे घर बारमाही असते. ते घरकुल योजनेतील असते किंवा दरडीखाली गेलेल्या गावाच्या पुनर्वसनातील असते, आणि त्याच्या पंचवीस-तीस चौरस मीटरांत सारे कुटुंब सामावलेले असते. या दोन घरांच्या मालकांमध्ये जमीनअस्मानाचे अंतर आहे. परंतु दोन्ही घरांच्या बांधकामाची पहिली क्रिया मात्र एकच असते. यंत्र येते, उतार खरवडते आणि डोंगराच्या अंगावर एक सपाट चौकोन काढून देते. त्यानंतर त्या चौकोनावर जे घर बांधले जाते ते नागपूरला, सोलापूरला किंवा पनवेलच्या खाजणातही जसेच्या तसे उभे राहू शकले असते.

डोंगराच्या चढउताराशी जुळते घेणारे आधुनिक घर बांधता येते की नाही, हा प्रश्न आजवर वास्तुशास्त्रज्ञांच्या आणि श्रीमंतांच्या हौसेचा मानला गेला. गुळगुळीत कागदावरच्या मासिकांत त्याची छायाचित्रे येतात आणि सामान्य माणूस ती पाहून पान उलटतो. वस्तुतः ज्याला डोंगर सोडून अन्यत्र जाण्याची सोय नाही, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न जिवाचा आहे. म्हणूनच त्याचा विचार चळवळीच्या कार्यकर्त्यांनी करणे अगत्याचे आहे.

प्रथम साधा हिशेब मांडावा. एकास पाच असा उतार धरला, म्हणजे पाच मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ, आणि त्यावर दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे घर सपाट जागा करून बांधावयाचे ठरविले, तर मागच्या बाजूस डोंगर दोन मीटर कापावा लागतो. अशा खोदाईत शंभर घनमीटर माती आणि मुरूम निघतो. सुटा झालेला मुरूम फुगतो, तेव्हा तो हलविण्यास वीस-पंचवीस ट्रक लागतात. आता तेवढ्याच क्षेत्रफळाचे घर पाच मीटर रुंद आणि वीस मीटर लांब करून उताराला आडवे बसविले, तर मागची कापणी एका मीटरवर येते आणि खोदाई पन्नास घनमीटर होते. घर चौकोनीच हवे असेल तर त्याचे पाच-पाच मीटरांचे दोन टप्पे करावेत आणि मध्ये एक मीटर उंचीच्या पायऱ्या ठेवाव्यात. तरीही खोदाई निम्मीच राहते. मातीचा भिंतीवरील एकूण दाब उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भिंत दुप्पट उंच झाली की धावत्या मीटरमागे तिच्यावरचा भार चौपट होतो. दोन मीटरची एक भिंत पडते आणि एक-एक मीटरच्या दोन भिंती वर्षानुवर्षे टिकतात, यात चमत्कार काही नाही.

परंतु केवळ वजनाने डोंगर सुटत नाही. तो सुटतो तो बहुधा पाण्याने. सह्याद्रीत बसाल्टच्या थरांवर मुरूम आणि मातीचे आवरण असते. पावसाचे पाणी या आवरणातून झिरपत खालच्या कठीण थरावर येते आणि त्यावरून उताराच्या दिशेने वाहते. या वाटेवर पायथ्याशी कापणी केली की वरच्या मातीचा टेका जातो. कापलेला मुरूम खालच्या अंगाला ढकलला की तेथे न दबलेल्या भरावाचे नवे ओझे येते. मागची भिंत सिमेंटने घट्ट बंद केली की पाणी तिच्यामागे तुंबते आणि त्याचाही दाब भिंतीवर पडतो. त्यात वरच्या घराचा शोषखड्डा खालच्या घराच्या डोक्यावर खणला असेल, तर उतार उन्हाळ्यातही ओला राहतो. चार दिवसांची अतिवृष्टी ही मग केवळ शेवटची काडी ठरते.

हे ज्ञान परदेशातून आणावयाचे नाही. कोकणातील जुन्या वाड्यांची रचना पाहिली तर ते तेथे दगडात लिहिलेले आढळते. वाडी सड्यावर नसे आणि पऱ्ह्याच्या पात्रातही नसे. सड्याखाली जेथे झरा फुटतो त्याच्या आसपास, पाण्याची वाट सोडून ती वसे. घराची लांबी उताराला आडवी असे. जांभ्याचे जोते पुढच्या अंगाला कमरेइतके उंच आणि मागच्या अंगाला जमिनीलगत असे, कारण उताराचा फरक डोंगर न कापता जोत्यातच भागविला जाई. ओटी, माजघर आणि पडवी यांच्या जमिनींत एकदोन पायऱ्यांचा फरक असे. दोन आगरांमधला गडगा चुन्याशिवाय रचलेला असल्याने त्यातून पाणी निथळून जाई आणि माती मागे राही. घरांना जोडणारी पाखाडी पायरीपायरीने उतरे. तिला गाडीच्या वळणासाठी डोंगर कापावा लागत नसे. ही घरे अंधारी होती, त्यांत स्त्रियांच्या वाट्याला धूर आणि बाळंतिणीच्या वाट्याला कोंदट खोली येई, आणि जातीप्रमाणे वाड्या वेगळ्या पडत, हे विसरून त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जुने घर परत आणावयाचे नाही. त्याच्या जोत्यातील शहाणपण तेवढे नव्या घरात आणावयाचे आहे.

घाटावरही असेच शहाणपण होते. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव-जुन्नर भागातील महादेव कोळी समाजात पडकईची रीत होती. कुटुंबांनी एकत्र येऊन एकमेकांच्या उतारावर आळीपाळीने राबावे आणि दगडांचे बांध घालून भातखाचरे तयार करावीत, अशी ती श्रमाची सहकारी पद्धत. हाताने केलेले खाचर उताराच्या कलाने जाई, कारण हाताला डोंगराचा प्रतिकार कळतो. पुढे याच नावाने सरकारी योजना आली आणि सपाटीकरणासाठी यंत्रे आली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. त्या आपत्तीचे निकट कारण अतिवृष्टी होते, हे खरे. परंतु यंत्राने केलेल्या सपाटीकरणावरही तेव्हा बोट ठेवले गेले आणि त्यावर मोठा वाद झाला. त्या वादात कोणता वाटा कोणाचा हे मोजणे अवघड असले, तरी यंत्राला उताराची भाषा येत नाही ही गोष्ट त्यातून पुढे आली.

माळीणची खरी शिकवण मात्र त्यानंतरची आहे. वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव बांधण्यात आले आणि एप्रिल २०१७ मध्ये ते समारंभाने लोकांच्या हाती देण्यात आले. घरे पक्की होती, शाळा होती, रस्ते होते. जून २०१७ च्या पहिल्याच मोठ्या पावसात तेथील भराव खचला आणि रस्त्यांना भेगा पडल्या. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी डोंगर खाली येताना पाहिला होता, त्या माणसांनी नव्या घराच्या ओट्याखालची माती सरकताना पाहिली. त्यांच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना मंत्रालयातील नस्तीवरून यावयाची नाही. येथे दगड-सिमेंटाचा कमीपणा नव्हता. उणीव होती ती विचाराची. उतारावर वसाहत वसविताना सपाट भूखंडांची रांग आखावी, त्यासाठी कापणी आणि भराव करावा आणि मग त्या भरावावर घर ठेवावे, ही मैदानी शहराची रीत डोंगरावर नेली गेली.

या रीतीला पर्याय आहे काय? आहे, आणि तो कागदावरचा नाही. तिरुअनंतपुरम येथील उळ्ळूरच्या टेकडीवर १९७० नंतरच्या वर्षांत विकास अध्ययन केंद्राची वास्तू उभी राहिली. संस्थेमागे अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज होते आणि केरळचे तत्कालीन मुख्यमंत्री अच्युत मेनन यांचा तिला पाठिंबा होता. बांधणारे होते लॉरी बेकर. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या वास्तुशिल्पीची महात्मा गांधींशी मुंबईत भेट झाली होती. घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघातून मिळालेले असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर जपला. हिमालयात पिथोरागढला अनेक वर्षे राहून डोंगरी माणूस घर कसे बांधतो हे त्यांनी पाहिले आणि मगच ते केरळात आले. उळ्ळूरला सुमारे दहा एकरांच्या चढउताराच्या जागेवर त्यांनी टेकडी सपाट केली नाही. इमारती उताराच्या वळणाने फिरविल्या, झाड आडवे आले तेथे भिंत वाकविली, वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या खोल्या पायऱ्यांनी आणि चौकांनी जोडल्या. विटांच्या जाळ्यांतून वारा खेळविला. हे सारे प्रचलित सरकारी बांधकामापेक्षा कमी खर्चात झाले. ही गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे, कारण उताराप्रमाणे बांधणे महाग पडते, हा आक्षेप सर्वप्रथम घेतला जातो. पुढे १९८५ साली मेनन, राज आणि बेकर यांच्याच पुढाकाराने कॉस्टफोर्ड ही संस्था निघाली आणि हे तंत्र तिने गरिबांच्या घरांपर्यंत नेले.

दुसरे उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. बर्न शहराजवळ हालेन नावाची वसाहत १९६१ पर्यंत ‘आतेलिए ५’ या तरुण वास्तुशिल्पींच्या गटाने पूर्ण केली. आरे नदीकडे उतरणाऱ्या जंगलातील जागेवर सुमारे ऐंशी घरे अरुंद पट्ट्यांत, एकमेकांना चिकटून, टप्प्याटप्प्याने बसविली आहेत. खालच्या घरांच्या छपरांवरून वरच्या घरांना दरी दिसते. प्रत्येकाच्या दारात मोटार नेण्यासाठी डोंगर कापलेला नाही. मोटारींसाठी वसाहतीच्या कडेला एक सामायिक तळ आहे. दुकान, चौक आणि पोहण्याचा तलाव ही सामायिक मालमत्ता आहे. तेथील रहिवासी मध्यमवर्गीय होते, कष्टकरी नव्हते. तरीही त्यातून एक सूत्र हाती येते. डोंगर वाचवावयाचा असेल तर घरे दाटीने बांधून उरलेला उतार सामायिक ठेवावा लागतो. प्रत्येकाचा स्वतंत्र बंगला, स्वतंत्र रस्ता आणि स्वतंत्र कुंपण हे डोंगराला परवडत नाही. जमिनीचा चढउतारच येथे सहकाराचा पुरस्कार करतो.

महाराष्ट्राने मात्र याच्या उलट वाट धरली. १९९६ साली शासनाने गिरिस्थानांच्या विकासासाठी विशेष नियमावली आणली. तिच्या आधाराने मुळशीच्या डोंगरात, वरसगावच्या जलाशयाकाठी, लवासा उभे राहू लागले. त्याच्या आराखड्याला इटलीतील पोर्तोफिनो या किनारी गावाचा नमुना होता. रंगीत घरे टप्प्याटप्प्याने पाण्याकडे उतरताना दाखवून निसर्गाशी सुसंवाद साधल्याचा दावा झाला. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला, त्यानंतर वाद आणि सवलती यांचे सत्र चालले, आणि २०१८ साली प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. घराचा आकार उताराला जुळला म्हणजे डोंगराला न्याय मिळाला असे नाही, हा त्याचा अर्थ. जमीन कोणाची होती, ती कोणी कोणत्या भावाने सोडली, धरणाचे पाणी कोणासाठी अडविले होते, हे प्रश्न घराच्या नकाशात उमटत नाहीत. वास्तुशिल्प सामाजिक न्यायाची जागा घेऊ शकत नाही. फार तर ते त्याच्या हाताशी उभे राहू शकते.

कायद्याचे काय? महाराष्ट्रात एकास पाचपेक्षा तीव्र उताराच्या टेकड्यांवर बांधकामास मनाई आहे. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातील कलम १७अ अन्वये परवानगीवाचून डोंगर कापता येत नाही. नियम बरे आहेत. परंतु उतार मोजला जातो तो परवानगीच्या वेळी, आणि त्याआधी रात्रीत यंत्र फिरून गेले असेल तर सपाट झालेल्या जमिनीवर चढ मोजता येत नाही. शिवाय जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार अवैध मुरूम काढणाऱ्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गुन्हा आहे तो सरकारचा मुरूम नेण्याचा. डोंगराचा टेका काढल्याबद्दल, खालच्या वस्तीचा जीव टांगणीला लावल्याबद्दल त्या कलमात स्वतंत्र विचार नाही. धनदांडगे दंड भरतात आणि तो बांधकामाच्या खर्चात धरतात.

गरिबाच्या घरकुलाबाबत शासनाची दृष्टी याहून आंधळी आहे. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत मैदानी भागासाठी एक लाख वीस हजार आणि डोंगरी राज्यांसाठी एक लाख तीस हजार रुपये असे साहाय्य ठरले. हिमालयातील आणि ईशान्येकडील राज्ये डोंगरी ठरली. पोलादपूर, महाड, वेल्हे किंवा अकोल्यातील डोंगरवस्त्या या हिशेबात मैदानातच राहिल्या. नकाशाही मैदानाचाच. वस्तुतः पंचवीस चौरस मीटरचे घरकुल साडेतीन मीटर रुंद आणि सात मीटर लांब करून उताराला आडवे बसविले, तर एकास पाच उतारावर पुढच्या-मागच्या भिंतींत केवळ सत्तर सेंटिमीटरचा फरक पडतो. नेहमीचे जोतेच पुढे थोडे उंच आणि मागे थोडे कमी केले की तो फरक जवळजवळ मिटतो. यंत्राची गरजच उरत नाही. लागतो तो निराळा नकाशा आणि तो समजलेला गवंडी.

येथे दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की पायऱ्यापायऱ्यांच्या घरात म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आणि अपंगांनी राहावे कसे? आक्षेप रास्त आहे. पण उताराला आडव्या लांब घरात स्वयंपाकघर, निजण्याची खोली आणि न्हाणी एकाच पातळीवर येऊ शकतात. पायऱ्या लागतात त्या अंगणापलीकडे. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. डोंगरावर बांधूच नये, असे काही पर्यावरणवादी म्हणतात. जेथे उतार तीव्र आहे, जेथे कडा सुटण्याच्या बेतात आहे किंवा झऱ्याची वाट आहे तेथे हे शंभर टक्के खरे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरसालवाडीवर दरड आली. तेथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे कायमची बेपत्ता राहिली. ती ठाकर वस्ती दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतही नव्हती. अशा जागी घराची कोणतीही रचना माणसाला वाचवू शकत नाही. म्हणून जागेची निवड पहिली आणि घराची रचना दुसरी, हा क्रम कधीही मोडता कामा नये. परंतु पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहणाऱ्या, शेती आणि रान यांवर जगणाऱ्या माणसाला ‘खाली उतर’ असे सांगून त्याच डोंगरावर पर्यटनगृहाला परवानगी द्यावयाची असेल, तर तो पर्यावरणाचा विचार नव्हे. ते बेदखलीचे नवे नाव होय.

मग करावयाचे काय? सूचना फार मोठ्या नाहीत. घरकुल असो, पुनर्वसन असो वा बिगरशेतीचा परवाना, खोदाईपूर्वी जागेच्या पातळ्या मोजून त्यांची नोंद ग्रामपंचायतीत ठेवली जावी, म्हणजे नंतर कोणाला उतार नाहीसा करता येणार नाही. डोंगरी तालुक्यांसाठी घरकुलाचे वेगळे नमुने तयार व्हावेत आणि त्यांना योजनेत मान्यता मिळावी. घराआधी पाण्याची सोय व्हावी. वरच्या अंगाला चर, भिंतींना निथळण्याची भोके आणि सांडपाण्याला खालची वाट, एवढे झाल्यावाचून अनुदानाचा पहिला हप्ता खर्चू नये. पुनर्वसनाचा आराखडा कागदाच्या नकाशावर नव्हे, तर मातीच्या प्रतिकृतीवर ग्रामसभेपुढे मांडला जावा, कारण कोणत्या ओघळाला कोणत्या महिन्यात पाणी येते हे अभियंत्यापेक्षा गावच्या बाईला अधिक ठाऊक असते. आणि गवंड्यांच्या प्रशिक्षणावर चार पैसे खर्च व्हावेत.

या कामी कार्यकर्ता अगदीच अडाणी नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर आणि पुढे पाणलोटाच्या चळवळीत शेकडो गावांनी सलग समतल चर खणले. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी किंवा तीन काठ्यांची चौकट आणि ओळंबा घेऊन डोंगरावर समान उंचीची रेषा कशी आखावी, हे अशिक्षित मजुरालाही येते. त्या रेषेवर चर खणला तर पाणी थांबते आणि माती टिकते, हे गावाने डोळ्यांनी पाहिले आहे. शेतात जिचा एवढा मान राखला, ती समतल रेषा घर बांधताना मात्र कोणाला आठवत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या तालुक्यातील एका डोंगरवस्तीत जाऊन, मंजूर झालेल्या घरकुलांच्या जागांवर ही रेषा गावकऱ्यांसह आखून पाहणे आणि तो नकाशा घेऊन पंचायत समितीच्या दारात उभे राहणे, हे काम कोणत्याही शाखेच्या आवाक्यातले आहे. मोर्चापेक्षा ते कमी गाजेल, पण मोर्च्याला लागणारी मागणी त्यातूनच नेमकी होईल.

घराचा हक्क म्हणजे चार भिंतींचा हक्क, एवढाच अर्थ आजवर धरला गेला. ज्या जमिनीवर त्या भिंती उभ्या राहतात ती जमीन श्रावणातही जागच्या जागी राहावी, हा त्या हक्काचाच भाग आहे. तो मिळावयाचा तर डोंगराला शत्रू मानून भागणार नाही आणि देव मानूनही भागणार नाही. डोंगराचा उतार ही एक वस्तुस्थिती आहे. ती नीट मोजावी, तिच्याप्रमाणे जोते घालावे आणि जो कोणी ती पुसून टाकू पाहील त्याला सर्वांनी मिळून अडवावे.